किल्लीचं कार्ड

"उशी," हेडमास्तर म्हणाले आणि छाती पुढे काढून बायकोकडे पाहिलं.

टेबलावर किल्लीचं चित्र होतं.

थेरपिस्टने वहीत इतक्या जोरात फुली मारली की पेन्सिलीचं टोक मोडलं. "नीट बघा, सर. हिने कुलूप उघडतात. कि..."

"उशी." हेडमास्तरांनी मूठ आपटली. पेल्यातलं पाणी हिंदकळलं.

मेंदूतल्या रक्तस्रावाला सात महिने झाले होते. बोललेलं त्यांना कळायचं. वाचणं गेलं होतं आणि वस्तूंची नावं तोंडाशी येत नव्हती. बाराव्या बैठकीला वीसपैकी दहा नावं आली नाहीत, तर जागा यादीतल्या पुढच्या पेशंटला, असा विभागाचा नियम होता. आज बारावी बैठक. पहिल्या दिवशी पाच नावं आली होती. आज एकही नाही.

बाकीचे पेशंट कंगव्याला ब्रश म्हणत, आज एक चुकत, उद्या दुसरं. हे गृहस्थ दर आठवड्याला कंगव्याला घंटाच म्हणत, तेही वर्गात दरडावल्यासारखं. घरी कोणी यांच्याजवळ दोन मिनिटं बसत नसणार, दुसरं काय.

थेरपिस्टने हेडमास्तरांना बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि बायकोची सरावाची वही उघडली. रोजची तारीख, वळणदार अक्षर: प्रत्येक शब्द शंभर वेळा.

"बाई, माझ्या डोळ्यांत धूळ फेकू नका. शंभर वेळा म्हणून घेतलं असतं, तर निदान किल्ली तरी आली असती."

"एक दिवस चुकला नाही," बायको म्हणाली. "मोजून शंभर. रोज तोच शब्द, बदलायचा नाही. तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"अहो, शंभर वेळा कोण घेतं?"

"ही त्यांचीच पद्धत. लग्न झाल्यावर माझी बोली सुधारायला घेतली त्यांनी. चारचौघांत माझा एक शब्द चुकला, की घरी येऊन तो शंभर वेळा लिहायचा. एकतीस वर्षं लिहिलं." ती किंचित हसली. "अक्षर तेवढं सुधारलं बघा."

"आणि त्याचं उट्टं असं काढताय? सराव न घेता वही भरून?"

"वहीत एक अक्षर खोटं नाही, मॅडम."

थेरपिस्टचे कान तापले. "तुमच्या आळसापायी एका माणसाची वाचा गेली. लक्षात ठेवा." तिने कागदावर 'उपचार बंद' लिहून सही ठोकली. "घरी दिलेला कार्डांचा डबा ठेवून जा. एक तरुण आई चार महिने या जागेची वाट बघतेय."

बायकोने पिशवीतून डबा काढला, पदराने पुसला आणि टेबलाच्या अगदी मधोमध ठेवला. मग नवऱ्याला हाताला धरून, सावकाश, घेऊन गेली.

कार्डांवर नुसती चित्रं छापलेली असत. मागे शब्द घरच्यांनी लिहायचा, कारण प्रत्येक घराची बोली वेगळी. नव्या पेशंटसाठी जुनी अक्षरं खोडायला हवी होती. थेरपिस्टने अजून धुसफुसतच खोडरबर घेतलं आणि सगळ्यात वरचं, किल्लीचं कार्ड उलटं केलं.

मागे त्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: उशी.