कोंब

"लग्न झालंय?" टेबलावर आडव्या पडलेल्या रिहाबला मी विचारलं; सोनोग्राफीआधी आमच्या ट्युनिशियातल्या स्फाक्समध्ये हे विचारावंच लागतं. उत्तर तिच्या आईने दिलं. "नाही. पोटावरूनच बघा." वरून अंडाशयातली गाठ दिसली, पण धूसर. रक्ततपासणीतला कर्करोगाचा आकडाही ना धड कमी, ना धड जास्त. "गाठीच्या आत कर्करोगाचे कोंब फुटलेत का, ते योनीमार्गातूनच दिसेल," मी म्हणाले. "खबरदार! कुंवार पोर आहे माझी." "मग सर्जन अंदाजाने कापतील, खाला. दोन्ही अंडाशयं गेली तर नातवंडं विसरा." रिहाबने डोळे मिटून घेतले. आईने माझ्या हातातली जेलीची बाटली हिसकावली. मला वाटलं, डोक्यात घालतेय. तिने जेली स्वतःच्या सुजलेल्या बोटावर ओतली, लग्नापासून कधीच न निघालेली अंगठी फिरवून फिरवून उतरवली आणि लेकीच्या बोटात सरकवली. "झालं हिचं लग्न. आता बघा नीट."