गळ्याचं माप

माप घेताना आकडे मोठ्यानं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करायचे आणि कापड कापताना ते कानात ऐकायचे, ही टेलरबाईंची जुनी सवय.

नवे इअरफोन त्यांनी फुटपाथवरून उचलले. शिक्का मोठ्या कंपनीचा, भाव मात्र मातीमोल.

"आई, डुप्लिकेट आहेत ते. असले चोरून ऐकतात म्हणे," लेक म्हणाली.

"ऐकू देत की! माझ्याकडे कसली गुपितं? शेजारणीच्या कमरेचा घेर?"

दुपारी त्या शेजारणीचाच ड्रेस कापायला बसल्या. कानात त्यांचा स्वतःचा आवाज सुरू झाला. खांदा चौदा, छाती अडतीस, कंबर चौतीस. मापं संपली, पण आवाज थांबला नाही.

"माझा गळा, साडेतेरा."

हे काही त्या कधी बोलल्या नव्हत्या. स्वतःचा गळा त्यांनी जन्मात मोजला नव्हता. त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग राहवेना, म्हणून खांद्यावरची टेप गळ्याभोवती घेतली आणि आरशात पाहिलं. पुरे चौदा. त्यांना हायसं वाटलं.

"सैल धरलीस," कानात त्यांचाच आवाज म्हणाला. "जरा आवळ."