सर्वांनी खात्री करून बघावी

कीर्तीचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, धरणेंद्रकाकांबरोबर फोटो. तो झालाच नाही असं धरून पुढं जाऊ, कारण कीर्तीनंही तेच ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगलीत, हळदीच्या बाजारामागच्या जैन वधू-वर केंद्रात शिरली तेव्हा तिच्याजवळ फक्त राग होता.

"काका, माझ्या अहवालाच्या पहिल्याच पानावर काय लिहिलं होतं?"

"गोपनीय," काका म्हणाले. ते केंद्राचे अध्यक्ष. "म्हणून तर समाजाच्याच व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. भाईर एकालाबी न्हाई."

"ग्रुपमध्ये माणसं किती?"

"एक हजार चोवीस. त्येच्यापुढं घेतच न्हाई गं, लय प्रयत्न केला."

अहवाल तीन पानांचा. केंद्राच्या वेबसाइटवर आपला फॉर्म उघडायचा, लिंकमधला शेवटचा आकडा बदलायचा, की दुसऱ्या कुणाचाही फॉर्म समोर. फोन, गल्ली, घर नंबर, सगळं. 'पत्ता गोपनीय ठेवा' या चौकटीत खूण केली असली तरी. कीर्ती पुण्यात हेच काम करते. वेबसाइटमधलं भोक शोधायचं, मालकाला कळवायचं, बुजेपर्यंत गप्प बसायचं. काकांना त्यातलं गप्प बसणं पटलं नव्हतं. त्यांनी अहवालाखाली लिहिलं, 'समाजाच्या लेकीचे संशोधन. सर्वांनी खात्री करून बघावी.'

सर्वांनी बघितली.

"साइट बंद करा. आत्ता."

"पासवर्ड अरिहंतकडं. त्यानंच बनवलीया. त्यो शिखरजीला गेलाय, फोन घरात ठेवून. यात्रेत फोन नको, असं मीच सांगितलं."

तेवढ्यात कीर्तीचा फोन वाजला. साताऱ्याहून गुणमाला, तिची मावसबहीण. नवऱ्याचा मार सोसून, घटस्फोट घेऊन तिकडं राहिलेली. काकांच्याच आग्रहावरून तिनं दुसऱ्या लग्नासाठी केंद्रात नाव घातलं होतं.

"कीर्ते, त्यो खाली उभा हाय." त्यो म्हणजे पहिला नवरा. तोही समाजाचाच, तोही ग्रुपवर. "माझा ४१२ नंबरचा फॉर्म छापून आणलाय हातात."

"दार उघडू नको. ११२ लाव."

"लावलाय. घरमालकीण शालूबाईंनी खालच्या दाराला कुलूप घातलंय. पर त्याला खोली नंबरबी ठावं हाय गं."

काकांना सगळं ऐकू गेलं होतं. चष्मा पुसत ते म्हणाले, "म्हंजे आपल्याकडची माहिती बरोबर हाय."

कीर्तीनं टेबलामागची वायर उपटली. पंखा बंद पडला. वेबसाइट तिथं नव्हती, कुठल्या तरी दुसऱ्याच देशात होती. ते तिलाही माहीत होतं. पण काहीतरी बंद पडणं गरजेचं होतं.

"आसं चिडून चालत न्हाई, पोरी," काका घाम टिपत म्हणाले. "कायबी करायचं तर लेखी अर्ज लागतो. कमिटी रविवारी बसती."

तिनं त्यांच्याच पुढ्यातला कागद ओढला आणि उभ्यानंच लिहिलं.

'मा. अध्यक्ष यांस,
विषय : वाचलेला पत्ता विसरणेबाबत.
महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून, समाजातील सर्व सभासदांनी उमेदवार क्र. ४१२ यांचा पत्ता आज सायंकाळी पाचच्या आत विसरावा व विसरल्याची लेखी पोच कार्यालयात जमा करावी. सुरुवात साताऱ्यात खालच्या दाराशी उभ्या असलेल्या सभासदापासून करण्यात यावी, ही नम्र विनंती.'