खुनी कळवावा, ही विनंती

आठ महिन्यांपूर्वी आलेल्या एका पत्राला मी उत्तरच दिलं नव्हतं. एका निवृत्त शिक्षिकेनं लिहिलं होतं, "ग्रंथालयातल्या तुमच्या कादंबरीचं शेवटचं पान कुणीतरी फाडलंय. खुनी कोण, ते कृपया कळवा. माझं वय शहाऐंशी आहे, फार ताटकळत ठेवू नका."

अडचण अशी, की ती रहस्यकथा मी सात वेळा लिहिली आणि दर खेपेला मन खाऊ लागलं म्हणून खुनी बदलला. छापताना त्यातला कोणता राहिला, ते आता आठवत नव्हतं. माझ्याकडच्या एकुलत्या एक प्रतीचं शेवटचं पान मीच काढून घेतलं होतं, दुसऱ्या आवृत्तीसाठी सुधारायला. दुसरी आवृत्ती काही निघाली नाही, प्रकाशकांनी गाशा गुंडाळला आणि ते पानही कुठेतरी गहाळ झालं.

"अहो, सात-सात खुनी पाळलेत, त्यातला एक द्या की पाठवून!" बायको म्हणाली. "बाई बिचाऱ्या वाट बघत असतील."

"त्यांनी बाकीची सगळी पानं वाचलीत गं. चुकीचा दिला तर लगेच पकडतील."

"मग तुम्हीही वाचा एकदा!"

तीन दिवस मान खाली घालून मी माझीच कादंबरी वाचली. चौथ्या दिवशी सकाळी कार्ड लिहिलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकलं.

 

"आदरणीय बाई, मला डॉक्टरांचा संशय येतोय. तुम्हाला?"