बापूजींच्या बाजूची खुर्ची

जिनिंगवाला साहेब विलायतेला गेला, पण त्याचा क्लब, झुंबर, ग्रामोफोन आणि कायदे पांढुर्ण्याच्या कापूस व्यापाऱ्यांना देऊन गेला. कायदा असा की, जेवायला जोडीनंच बसायचं. दारात बाईनं नवऱ्याचं नाव सांगायचं, मग दरवान ते मोठ्यानं पुकारणार. सगळ्या खुर्च्या भरल्याशिवाय सूप वाढायचं नाही.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिलं, त्या आठवड्यातली ही क्लबातली पहिलीच पंगत. पुरुष पुढे येऊन, गळ्याशी टाय आवळून उपाशी बसले होते. घरचं आवरून आलेल्या बायका बाहेरच्या बाकावर अडल्या होत्या. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं कसं?

प्रेमलताबाई तेवढ्या दारातच उभ्या होत्या. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण बापूजींच्या शेजारी बसून त्या कधी जेवल्या नव्हत्या. आधी ते, मग त्या. आज झुंबराखाली त्यांच्या बाजूची खुर्ची रिकामी दिसत होती. ती खुर्ची त्यांना हवीच होती.

"कवडू, सोड ना बापा आत. मी कोनाची, तुले मालूम नाही का?"

"मालूम आहे बाई, तुमच्याच आळीतला आहो मी," दरवान म्हणाला. "सारे वाट पाहून राहिले. पन नाव सांगा लागते. आठाचे टोले पडले का दार बंद."

आठाला दोनच मिनिटं कमी होती. प्रेमलताबाईंनी पदर सावरला.

"झुंबराले लागले दिवे शंभर, बापूजींचं नाव घेते, लाव माहा नंबर."

कवडू हुकमाचा पक्का. त्यानं छाती काढून अख्खा उखाणा साहेबी थाटात पुकारला. आत हशा पिकला. बाकावरच्या कलाबाई लगेच ग्रामोफोनला यमक शोधू लागल्या.

प्रेमलताबाई खुर्चीपाशी पोचल्या, तोच पंगतीतले म्हातारे दादाजी म्हणाले, "बापूजी, आता तुमी घ्या नाव. त्याबिगर बाई बसत नसते."

कापसाच्या लिलावात बापूजींचा आवाज नदीपार सावरगावला जाई. घरात बायकोला मात्र ते नुसतं "आयकलं का वो" म्हणत. त्यांनी झुंबराकडे पाहिलं, मग सुपाच्या रिकाम्या ताटलीकडे. यमक काही सुचेना.

"प्रेमलता, बस," ते हळूच म्हणाले.

प्रेमलताबाई खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या. टोले पडू लागले.

"अजून एकडाव म्हना," त्या म्हणाल्या, "मंग बसते."