दुसऱ्या फोनवरची पानं

"घर बदल नाही म्हणत गं, ब्राउझर बदल म्हणतोय."

"मला हाच बरा आहे," आई म्हणाली आणि तिने खुर्ची कॉम्प्युटरच्या आणखी जवळ ओढली. जणू मुलगा तो उचलूनच नेणार होता.

रविवार होता, मुलाचं चष्म्याचं दुकान बंद होतं. त्याला घाई नव्हती. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. हा ब्राउझर फार जुना झालाय, कंपनीनेही त्याच्याकडे बघणं सोडून दिलंय. बँकेचं पान त्यात उघडत नाही, विजेचं बिल भरताना मध्येच अडकतं, उद्या एखादा भामटा पेन्शनवर हात मारेल. नवा हलका आहे, त्यात अक्षरंही हवी तेवढी मोठी करता येतात.

"माझी नजर ठणठणीत आहे. आणि बँकेत मी चालत जाते. तेवढेच पाय मोकळे होतात."

"तुझ्यापुढे हात टेकले बाई."

खरं कारण काय ते त्याला ठाऊक होतं. त्या जुन्या ब्राउझरमध्ये भिंगरीचं खातं उघडं राहिलं होतं. भिंगरी म्हणजे त्याची धाकटी बहीण. लहानपणापासून एका जागी ठरायची नाही, म्हणून हे नाव. आईशी कडाक्याचं भांडून ती घरातून निघून गेली, तेव्हा खातं बंद करायचं राहून गेलं. तिकडे ती फोनवर जे पान उघडायची, ते इकडे एका कोपऱ्यात दिसायचं. तिने कधी फोन केला नाही, आईनेही केला नाही. दोघी एकीपेक्षा एक हट्टी. पण रोज सकाळी चहाचा कप घेऊन आई इथे बसायची आणि लेक काय बघतेय ते बघायची. भाड्याच्या खोल्या. केस गळण्यावरचे उपाय. एकदा लोकरीचे मोजे दिसले, तर आईने दिवसभर तिच्या थंडीची काळजी केली.

आईला त्याने एकच गोष्ट सांगितली नव्हती. भिंगरी गेली होती. दूरच्या शहरात, बसच्या अपघातात. निरोप त्यालाच आला, ओळख पटवायला तोच गेला आणि सगळं उरकून तोच परतला. आईच्या हृदयाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. डॉक्टर म्हणाले, आत्ता काही सांगू नका. मग ते 'आत्ता' लांबतच गेलं.

"बऱ्याच दिवसांत तिने काही उघडलं नाही रे," एकदा आई म्हणाली आणि भरल्या ताटावरून उठली.

दुसऱ्या दिवशी दुकानात शिरल्या शिरल्या त्याने भिंगरीच्या सामानात मिळालेला फोन चालू केला, एक पान उघडलं, फोन पुन्हा बंद केला आणि खणात फ्रेमांच्या खाली सारून दिला. त्या दिवशी आई पोटभर जेवली.

तेव्हापासून हे रोजचंच झालं. रोज सकाळी मेलेल्या बहिणीच्या वतीने काहीतरी शोधायचं. आज तिला काय हवं असेल, असं मनात आलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. कधी कधी ती मागे उभी राहून बघतेय असं वाटायचं आणि तो वळून पाहायचा. झोपेत दचकायला लागला, तेव्हा बायको म्हणाली, "आता थांबव हे. नाहीतर तूच वेडा होशील."

म्हणून आज तो हे घेऊन बसला होता. ब्राउझर बदलला की पानं दिसायची थांबतील. दोष कुणाचाच नाही, कॉम्प्युटरचा.

"आणि तिची पानं?" आईने शेवटी विचारलंच.

"नव्यात नाही दिसणार ती." त्याने नजर वळवली.

आईने उठून खुर्ची रिकामी करून दिली. "कर बाबा तुला काय करायचं ते."

त्याने नवा ब्राउझर घातला. जुना काढताना कोपऱ्यातल्या पानांकडे त्याने मुद्दामच पाहिलं नाही. जुनं चिन्ह पडद्यावरून नाहीसं झालं आणि बहिणीला दुसऱ्यांदा पोचवून आल्यासारखं त्याला झालं.

आईने पाण्याचा पेला त्याच्यापुढे धरला. "सुटलास एकदाचा."

"म्हणजे?"

"अरे, ती पानं तू उघडतोस हे पहिल्या आठवड्यातच कळलं मला. भिंगरी आणि छत्र्या बघेल? जन्मात कधी छत्री धरली नाही तिने. आणि वर चष्म्याच्या फ्रेमा! घारीसारखी नजर होती पोरीची."

पेला त्याच्या हातातच राहिला. "म्हणजे तुला... ती..."

"तू त्या शहरातून परत आलास, दारात चपला काढत होतास, तेव्हाच कळलं. तिने काही उघडलं नाही असं म्हटलं, तेही तू सांगशील म्हणून. तू बोलला नाहीस, म्हणून मीही नाही बोलले. म्हटलं, त्याला एवढ्याने बरं वाटत असेल तर वाटू दे."

मग मात्र त्याचा बांध फुटला. आईच्या मांडीवर डोकं ठेवून तो लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. हळूहळू छातीवरचा दगड उतरला. डोळे पुसता पुसता त्याला हसूही आलं.

"सगळं माहीत होतं, तर मग ब्राउझर बदलायला एवढी का भांडत होतीस?"

आईचा हात थांबला.

"सकाळची पानं तुझी होती रे. मी दुपारच्या पानांसाठी भांडत होते. त्यांत ती आपल्या घराचा रस्ता शोधते. रोज थोडी जवळून." तिने दाराकडे पाहिलं. "काल चौकापर्यंत आली होती."