दोराचा झोळ

दोर पुन्हा तुटला. वजन पेलतं का बघायला मधोमध टांगलेलं भाताचं पोतं धरणाच्या तुंबलेल्या पाण्यात बुडालं आणि दोन्ही काठांवरची माणसं आपापल्या बाजूला उताणी पडली.

अलीकडच्या काठावर बाजी होता, पलीकडे त्याचा व्याही जोतिबा. गेल्या साली पोरांच्या लग्नात कुणाला आधी फेटा बांधला यावरून दोघांचं बिनसलं, ते बोलणंच बंद. ओढ्यावर दोराचा साकव करायचा, दोराला पाळणा टांगून माणसं न्यायची, म्हणून आपापलं गाव घेऊन दोघे आले होते खरे. पण एकाने हातभर ओढलं की दुसरा दोन हात ओढायचा. तसूभर सोडायला कुणी तयार नाही. याच्यापेक्षा जत्रेतली रस्सीखेच बरी!

साकव तर व्हायलाच हवा होता. धरणाचं पाणी चढलं आणि ओढ्यातली पायवाट बुडाली. बाजीची लेक सुंदरा पलीकडे सासरी होती, दिवस भरत आलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. डोंगराला वळसा घालून येणं तिला झेपणार नव्हतं. इकडे तिची आई सगुणाबाई खोली सारवून, बाज आवळून वाट बघत बसली होती.

"ताठ वढू नका," अमजद म्हणाला. धरणाच्या कामावर त्याने असले दोर पुष्कळ बांधले होते. "लुगडं वाळत घालायची दोरी बगा. ताठ बांदली की वल्या लुगड्यानं तुटती. सैल आसली की झुलती, पर पेलती. वजान तेवडंच, पर ताठ दोराच्या आंगात ताण लई येतो. मधी झोळ ठिवा. आता ह्यो येकच दोर उरलाय."

"मग त्यांनी सोडावा," बाजी म्हणाला.

अमजदने पलीकडे ओरडून तेच सांगितलं. तिकडूनही तेच उत्तर आलं.

शेवटचा दोर चढला. पुन्हा तसाच ताठ. पीळ करकरायला लागले.

तेवढ्यात पलीकडे सुंदरा आली. कमरेवर हात ठेवून एका दगडावर टेकली आणि दोराकडे बघत राहिली. बाजीला गलबलून आलं.

"मरू दे तो फेटा," तो पुटपुटला. आंब्याच्या बुंध्याला घातलेला वेढा त्याने स्वतःच्या हाताने सैल केला आणि दोर मनमोकळा सोडला. वर्षभरात त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

दोराला झोळ पडला नाही. अख्खा दोर सपकन पाण्यात पडला.

बाजीने मान वर केली. समोर उंबराच्या बुंध्यापाशी जोतिबा उभा होता. सुनेकडे बघून त्यानेही त्याच घटकेला आपल्याकडचा वेढा सैल सोडला होता. आता खालच्या मानेने तो पाण्यात गेलेला दोर बघत होता.

अमजदने कपाळावर हात मारून घेतला. सुंदरा पोट धरून हसायला लागली.

बाजीने तोंडाशी हात धरले आणि वर्षानंतर पहिल्यांदा व्याह्याला हाक मारली, "ओ इवाई, वाईच तरी वढा की!"